डाव्या सीटचं वजन

"हलीव," गाडीखालून आबा म्हणाले.

मी पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात टेकले, खाली दाबलं आणि सोडलं. गाडी खाली-वर झाली. टक. टक-टक.

"अजून."

टक. टक-टक.

"कुठनं येतोय आवाज, सांग बघू."

"खालून," मी म्हणाले.

"खालनं तर येणारच की गं. वरनं यायला काय पाऊस हाय? डावीकडनं का उजवीकडनं?"

मला सांगता येईना. खरं तर मी ऐकतच नव्हते. शेडच्या जुन्या पत्र्याला भोकं होती आणि त्यातून आलेले उन्हाचे कवडसे त्या लाल बॉनेटवर पडले होते. गाडी हलली की ते इकडून तिकडे पळायचे, थांबली की परत आपापल्या जागी येऊन बसायचे. मी ते बघत होते. माहेरी मला सगळे तंद्री म्हणूनच हाक मारायचे. लग्न झालं म्हणून त्यात काही सुधारणा झाली नव्हती.

"डावीकडून," मी ठोकून दिलं.

"दोन्हीकडनं," आबा म्हणाले आणि हसले. गाडीखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते, टाचांना ग्रीस लागलेले.

आबा म्हणजे माझे सासरे, शंकरराव इंगवले. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि फुलेवाडीला घरामागे ही शेड. लोखंडाचा तुकडा हातात घेऊन त्याच्याशी तासन् तास बोलतील, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की दोन शब्दांत आटोपतील, असा माणूस. ही जी मी सांगतेय ती गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांतली. मी याच घरात लग्न होऊन आले होते आणि तेव्हा मला विधवा होऊन चार वर्षं झाली होती.

गाडी माझ्या नवऱ्याची, धैर्यशीलची. दोन सीटांची, टप नसलेली, विलायतेहून कुणीतरी कधीतरी बोटीनं आणलेली. सांगलीकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात ती सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर अंडी होती. धैर्यशील ती अंड्यांसकट घेऊन आला. वर्षभर बापलेकांनी मिळून तिला उभं केलं. जो भाग मिळत नाही तो आबा लेथवर काढून द्यायचे. मग हा घाटातल्या शर्यतींना जायला लागला, आणि मी डाव्या सीटवर बसून डोंगर मागे पळताना बघायला लागले. माझ्यासारखीला ती जागा फार चांगली होती. काही करायचं नसायचं, नुसतं बघायचं.

धैर्यशील गाडीत गेला नाही. कावीळ झाली आणि दवाखान्याच्या कॉटवर गेला. तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कायम गाडीलाच दोष द्यायच्या. "उन्हातान्हात फिरायचा, उघड्या डोस्क्यानं," म्हणायच्या. त्या गाडीत त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

चार वर्षं गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. फक्त दसऱ्याला आबा तिला बाहेर काढायचे. खंडेनवमीला लेथबरोबर तिचीही पूजा व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळेसकट ते तिला रंकाळ्याला एक फेरी मारून आणायचे, बैलगाडीच्या वेगानं. त्या वर्षी ती इतकी वाजायला लागली की रंकाळ्यावर भेळ खात बसलेले लोक माना वळवून बघायला लागले. आबा घरी आले, माळ काढून ठेवली आणि म्हणाले, "हिची टकटक काढायला पायजे. वैजू, शाळंला सुट्टी कधी लागतीय?"

मी वैजयंती. गावातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. सुट्टी लागायची होतीच, पण मला त्या सुट्टीत वेगळंच काम होतं. मला आबांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते कसं सांगायचं हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आमच्या शाळेतल्या शिंत्रे बाईंचे भाऊ आजऱ्याला जनावरांचे डॉक्टर होते. केसरकर. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. बहिणीकडे आले की शाळेत डोकावायचे, आणि एकदा पोरांना गायीची चार पोटं समजावून सांगताना इतके रंगले की माझा तास संपून पुढचाही गेला. मग पत्ता विचारायच्या निमित्तानं, छत्री विसरायच्या निमित्तानं येत राहिले. श्रावणात त्यांनी सरळ विचारलं. म्हणाले, "घाई नाही. दिवाळीनंतर सांगा. नाही म्हणालात तरी छत्री न्यायला येईनच."

मला हो म्हणायचं होतं. हे मी इथं स्पष्ट सांगते, कारण तेव्हा स्वतःलाही स्पष्ट सांगत नव्हते. पण आबांच्या तोंडावर कुठल्या तोंडानं सांगायचं? आमच्या भावकीत विधवा सुनेनं दुसरं लग्न केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. भावकी गेली खड्ड्यात, मला तिची भीती नव्हती. पण धैर्यशील गेल्यावर माझे वडील मला न्यायला आले, तेव्हा आबा दारात उभे राहून एवढंच म्हणाले होते, "ऱ्हाऊ द्या तिला. ती गेली तर घरात त्याचं काय उरलं?" आणि मी राहिले होते. आता मीच निघाले तर त्यांचं काय उरणार होतं, शेडमधली ती वाजणारी गाडी?

सुट्टी लागली आणि मी साडीचा पदर खोचून गाडीखाली गेले.

आबांनी पुढची चाकं काढली होती, गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवली होती. पोत्यावर उताणं झोपून मी बत्ती धरायची आणि ते दाखवायचे.

"ही सळई बघ, ह्या अंगाकडनं त्या अंगाला गेलेली. वळणावर गाडी कलू ने म्हणून. आणि हे तिच्या टोकाचं वीतभर हाय, ही लिंक. हिच्यामुळं डाव्या चाकाला उजव्याचं कळतंय. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला निरोप पोचतोय. सांधा सैल झाला की निरोप उशिरा पोचतोय, आणि मग ठोका."

त्यांनी लिंक बोटांनी हलवली. टक-टक. कानाजवळ तो आवाज फार मोठा वाटला. मला एकदम धैर्यशीलचं शेवटचं वर्ष आठवलं. तेव्हाही ती अशीच वाजायला लागली होती, आणि तो म्हणायचा, सीझन संपला की बदलू. रात्री गाडी गल्लीच्या तोंडाला वळली की मला झोपेत टक-टक ऐकू यायची आणि मी न उठता कूस बदलायचे, आला म्हणून.

"आबा," मी म्हणाले, "मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बत्ती वर धर," आबा म्हणाले. "हां. तो सोळाचा पाना दे."

पहिला प्रयत्न असा पान्यावर गेला.

लिंक निघाल्या. मग चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात निघाले. त्या हातांच्या मुळाशी रबरी बुश असतात. आत पोलादी नळी, भोवती रबर. हात वर-खाली होतो तेव्हा ते रबर फिरत नाही, नुसतं पीळ खातं आणि परत येतं. आबांनी एक बुश ठोकून काढला, उन्हात नेला आणि बराच वेळ बघत राहिले. रबर फाटलं होतं, आणि फाटलं होतं तेही सगळं एकाच दिशेला.

"झिजलंय," मी म्हणाले.

"झिजलेलं न्हाई हे. पिळून मारलंय." आबांचा आवाज चढला. "टांगलेल्या गाडीवर नट आवळलाय! चाकं हवेत लोंबकळत असताना! असं आवळलं की रबर तसंच बसतं. मग गाडी खाली ठेवली की जन्मभर पीळ पडलेलाच. उभं ऱ्हायलं तरी पीळ, बसलं तरी पीळ. किती दिस टिकंल ते? मी बोंबलून सांगितलं हुतं त्याला. गाडी खाली घे, चाकं टेकू दे, तू आत बस, आणि मगच नट आवळायचा. ज्यानं चालवायची त्याचं वजन पायजे सीटवर. पर न्हाई. उद्या शर्यत हाय म्हणं, येळ न्हाई म्हणं. घाई! सगळ्यात घाई!"

त्यांनी तो बुश शेडच्या भिंतीवर फेकून मारला.

आत्याबाई मागच्या दारात आल्या. गेल्या चार वर्षांत आबांनी धैर्यशीलला नाव ठेवलेलं आम्ही दोघींनी ऐकलं नव्हतं. गेलेल्या पोराचा फोटो असतो तसा तो त्यांच्या बोलण्यात नेहमी नीट भांग पाडलेलाच असायचा. आत्याबाई आत निघून गेल्या. आबा थोड्या वेळानं भिंतीशी गेले, वाकले, बुश उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिडकीत ठेवला.

नवे बुश कुठं विकत मिळणार नव्हते. आबांनी लेथवर नळ्या काढल्या, साचा काढला, आणि शिरोलीच्या एका रबरवाल्या दोस्ताकडून रबर ओतून आणलं. लिंकचे सांधेही नवे केले. ते बुश हातांच्या भोकात बसवायचे म्हणजे व्हाइसच्या जबड्यात धरून दाबत न्यायचे. मी तेलाची बाटली उचलली तर आबा ओरडले.

"तेल न्हाई! तेल रबराला खातंय. साबणाचं पाणी घे."

मी न्हाणीतून साबणाचं पाणी आणलं. आबांनी व्हाइसचा दांडा माझ्या हातात दिला. मी फिरवत गेले, रबर दबत गेलं, फुगत गेलं, आता फुटतं की काय असं झालं, आणि एकदम गुपकन् आत गेलं. माझ्या तोंडून "गेला!" असं निघालं. वर्गातल्या पोरी खो-खोत गडी बाद केल्यावर ओरडतात तसं. आबा बघत राहिले.

"हात चांगला हाय तुझा," ते म्हणाले. "तंद्री लागत न्हाई तवा."

ती दुपार मला अजून दिसते. बालिंग्याच्या बाजूला गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि वारा आला की काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास शेडमध्ये भरायचा. आत्याबाईंनी चकलीची भाजणी भाजायला घेतली होती, तो वास त्यात मिसळायचा. साबणाच्या पाण्यावर ऊन पडून पत्र्यावर एक उजेडाचा डाग थरथरत होता. मी एकेक बुश दाबत होते आणि मला वाटत होतं की हे असंच चालू राहावं. बुश संपू नयेत, दिवाळी येऊ नये आणि मला काही सांगावं लागू नये. मी सांगितलं नाही तर मीही अशीच टांगलेली राहीन, हेही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

"आबा," मी म्हणाले. "दिवाळीनंतर..."

"दिवाळीच्या आत झाली पायजे गाडी," आबा म्हणाले. "चहा सांग आत."

दुसरा प्रयत्न चहावर गेला.

सगळं परत जोडून झालं, नट बोटांनी नुसते फिरवून ठेवले, चाकं लावली. मग आम्ही गाडी खाली घेतली आणि चारी चाकांखाली बाभळीचे जाड ठोकळे सरकवले. आता गाडी स्वतःच्या पायांवर उभी होती आणि तरी खाली माणूस शिरेल एवढी जागा होती. फक्त आवळायचं राहिलं होतं.

"थांब," आबा म्हणाले आणि घराच्या पुढच्या अंगाला गेले.

ते आले तेव्हा हातगाडीवर साखरेची दोन पोती होती, तोंडं सुतळीनं शिवलेली. आत वाळू होती. त्यांनी ती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, एक बसकणीवर आणि एक पाठीला टेकवून उभं. मग वरच्या पोत्याला दोन्ही बाजूंनी थोपटून नीट केलं.

"काट्यावर तोलून आणलीत," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "त्याच्याएवढी."

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. ती वाळूची पोती होती, तरी मला तिकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. धैर्यशील असाच बसायचा, जरासा डावीकडे कलून. पोतंही डावीकडेच कललं होतं. गाडी त्या वजनानं एका अंगाला किंचित दबली होती, ती मला ओळखीची वाटली.

तेव्हा मला कळून चुकलं की मला काही सांगता येणार नाही. हा माणूस पोराचं वजन तोलून आणतो. त्याला मी काय सांगू, मी चालले म्हणून? डॉक्टरांची छत्री शिंत्रे बाईंच्या हाती परत पाठवायची, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

आबा पाना घेऊन गाडीखाली गेले. मी वाट बघत राहिले. नट आवळताना पान्याची एक कुरकुर येते, ती आली नाही. कवडसे बॉनेटवर स्थिर पडून होते. चकल्या तळायला लागल्याचा वास आला. तरी पाना वाजला नाही.

"आबा?"

मी वाकून गाडीखाली बघितलं.

"आबा, मी आवळू का?"

ते सरकत बाहेर आले. पाठीला माती, केसांत माती. उठून बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले.

"ह्या वजनावर आवळली," ते म्हणाले, "तर गाडी त्याचीच म्हणून बसंल. आणि तो काय आता बसायला यायचा न्हाई." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "उतरीव ती पोती."

आम्ही दोघांनी पोती उतरवली आणि भिंतीशी ठेवली.

"बस तू," आबा म्हणाले.

"मी?"

"मग कोण? माझी मान वळत न्हाई. आणि तुझ्या सासूला ब्रेक कुठला, ठाव न्हाई."

गाडी चालवायला मला धैर्यशीलनंच शिकवलं होतं, याच गाडीवर, बालिंग्याच्या रस्त्यावर. ऊस तोडणाऱ्यांकडे बघत बसले की स्टिअरिंगही तिकडेच वळायचं, आणि तो कपाळाला हात लावून हसायचा. तो गेल्यापासून मी त्या सीटवर बसले नव्हते. मी चपला बाहेर काढल्या, देवळात शिरताना काढाव्यात तशा, आणि आत बसले. सीट खोल होती. रेक्झिनला तापलेल्या उन्हाचा वास होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि खालून पान्याची कुरकुर सुरू झाली. एक नट. मग दुसरा. प्रत्येक वेळी गाडीच्या अंगातून काहीतरी घट्ट झाल्यासारखं माझ्या पाठीला कळत होतं. माझे डोळे मिटायला लागले.

"आजऱ्याचा रस्ता कसा हाय गं?" खालून आबांनी विचारलं.

मी डोळे उघडले.

"काय?"

"आजऱ्याचा रस्ता. उत्तूरवरनं जातीस का गडहिंग्लजवरनं? खड्डे कुठल्या बाजूला जास्ती हायत?"

पाना थांबला होता.

"तसं न्हवं," आबा म्हणाले. आवाज अगदी कामाचा होता, सोळाचा पाना दे म्हणावं तसा. "एकटीच जाणार असलीस तर असंच आवळतो. दोघं असलासा, तर डाव्या सीटवरबी वजन पायजे. डाक्तरांचं वजन किती असंल?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. मोठ्यानं, लाजलज्जा सोडून. खाली आबांनी पाना जमिनीवर ठेवला.

"अंदाजानं सांग," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"मला काय माहीत आबा," मी नाक पुसत म्हणाले. "मी काय त्यांना काट्यावर तोललंय?"

"जाड हायत का बारीक?"

"जाड... म्हणजे, आत्याबाईंएवढे असतील."

मग गाडी हलायला लागली. आबा हसत होते.

"मग झालं की काम. हाक मार तिला."

आत्याबाई भाजणीच्या हातांनीच आल्या. "मी न्हाई बसायची त्या डबड्यात," त्या म्हणाल्या. "हितं तेल तापलंय माझं." पण तोवर त्यांनी दार उघडलं होतं. शेगडी मात्र बंद करून आल्या होत्या, हे मला नंतर दिसलं. एक पाय आत टाकला, दुसरा टाकताना माझ्या खांद्याला धरलं, आणि धप्पकन् खाली गेल्या.

"अगं आई! ह्यात बसायचं का निजायचं?"

"हलू नका दोघीबी," खालून हुकूम आला. "वजन हलतंय."

आम्ही दोघी समोर बघत बसलो. समोर शेडची भिंत होती, आणि तिला टेकलेली वाळूची दोन पोती. पाना कुरकुरत होता. मग आत्याबाईंनी पीठ लागलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"नवरात्रात शिंत्रे बाई येऊन गेली," हळू आवाजात त्या म्हणाल्या. "तू माहेरी हुतीस तवा. म्हणाली, पोरगी तुमाला सांगायची न्हाई, म्हणून मीच आले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी रडले. ह्यांस्नी सांगितलं, तर ह्ये कायच बोलले न्हाईत. दसऱ्याला गाडी फिरवून आणली आणि रात्री म्हणतात कसे, असली वाजणारी गाडी पोरीबरोबर कशी धाडायची? लोक काय म्हणतील, बापाला गाडी नीट करून देता आली न्हाई?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पीठ गालाला लागलं. "लोक रुखवतात भांडी देत्यात, पलंग देत्यात. आणि आमचं रुखवत बघा. रबराचे तुकडे!"

"ऐकू येतंय मला," गाडीखालून आबा म्हणाले.

"येऊ दे की," आत्याबाई म्हणाल्या. "मी काय लपवून बोलतीय?"

शेवटचा नट आवळून झाला तेव्हा उन्हं उतरली होती.

संध्याकाळी मी गाडी बाहेर काढली. डावीकडे आबा बसले, स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखे. फुलेवाडीतून बाहेर पडलो आणि बालिंग्याचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना ऊस. गुऱ्हाळांचा धूर शेतांवर आडवा पसरला होता, हातभर उंचीवर थांबलेला. त्यात बैलांच्या घंटा वाजायच्या आणि बैल दिसायचे नाहीत. वास इतका गोड होता की श्वास चिकट झाल्यासारखा वाटत होता. गाडी त्या धुरातून चालली होती, आणि मी चालवतेय असं मला वाटतच नव्हतं.

खड्डा आला. चाक आत गेलं, बाहेर आलं. आवाज नाही.

दुसरा आला. नाही.

मी आबांकडे बघितलं. ते मान जरा तिरकी करून बसले होते.

"थांबीव," ते म्हणाले. रस्त्याच्या कडेला चिंचेचं झाड होतं, तिथं उतरले. "पुलापत्तर जा आणि माघारी ये. माझ्या म्होरनं जा. बाहेरनं ऐकायचं हाय मला."

मी गेले. पुलावरून वळून परत आले. झाडाखाली आबा डोळे मिटून उभे होते, एक तळहात कानामागे धरून. त्यांच्यासमोरचे खड्डे मी मुद्दाम चुकवले नाहीत. पुढे जाऊन आरशात बघितलं, तर ते तसेच उभे. हात कानामागेच होता.

"परत एकदा," मी मागे आल्यावर आबा म्हणाले.

परत गेले, परत आले. या वेळी मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. धूर झाडापर्यंत आला होता. त्यांनी हात खाली घेतला.

"काय सुदिक ऐकू येत न्हाई," आबा म्हणाले.

"मग चांगलंच झालं की आबा."

"व्हय. चांगलंच झालं." ते गाडीकडे बघत होते. "दर दसऱ्याला काढायचो न्हवं, ती ह्या टकटकीसाठीच काढायचो. डोळं मिटलं की वाटायचं, आला. गल्लीच्या तोंडाला आलाय, आता हॉर्न देतोय."

मी पण तेच ऐकत होते आबा, असं मला सांगायचं होतं. रात्री कूस बदलायचे ते सांगायचं होतं. पण तेवढ्यात मला वेगळंच सुचलं आणि ते मी अगदी मनापासून म्हणाले.

"जुन्या लिंक आहेत अजून शेडमध्ये. परत लावू या का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. चार वर्षांत पहिल्यांदा, त्या चिंचेखाली, ते रडले. दवाखान्यात नाही, पंचगंगेच्या स्मशानघाटावर नाही, माझे वडील न्यायला आले तेव्हाही नाही. मी त्यांचा हात धरला. कितीही धुतला तरी त्या हाताला लोखंडाचा वास यायचा, तो आताही येत होता. एक ऊसवाली बैलगाडी आमच्या बाजूनं गेली. गाडीवानानं आधी आमच्याकडे आणि मग लाल गाडीकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे गेला.

"येडी," शेवटी आबा म्हणाले. टोपीनं तोंड पुसलं, ती झटकून परत घातली, आणि वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. दार ओढून घेतलं.

"घरी ना?" मी चावी फिरवत विचारलं. "आत्याबाई वाट बघत असतील."

"बघू दे की," आबा म्हणाले. "अजून जरा पुढं जाऊ."